देवीचा उजवा की आपला?

बेळगावास जाऊन आलो म्हटले की पुण्यातली माणसे दोन प्रश्न विचारतात. कुंदा आणला का, आणि तिकडे मराठी कळते का. कुंदा आल्या दिवशीच संपला. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की मराठी तिकडे सगळ्यांना कळते. कळण्याची अडचण पडली ती मला. एका देवळात मला कुणी वेडा म्हटले असे समजून मी रागावलो होतो, आणि प्रत्यक्षात तिथे एका बाईच्या जन्माचा निकाल लागत होता. ती हकीकत सांगण्यासाठीच हे लिहितो. वाटेतल्या धर्मशाळा, डाकबंगले आणि मोटारींची वेळापत्रके यांवर दुसऱ्या कुणी लिहावे.

बेळगाव

माझे जुने स्नेही दत्तोपंत बेळगावात वकिली करतात. तिथे कर्मयोगावर एका थोर स्वामींची आठवडाभर प्रवचने होती आणि दत्तोपंत मंडळाचे चिटणीस होते. "जन्मभर पोरांना गीता पाठ करायला लावलीत, आता एकदा मुकाट बसून ऐका," असे त्यांनी कळवले. मी पेन्शनीतला संस्कृत मास्तर. मुकाट बसण्याची सवय नाही, पण गेलो.

योगायोगाने स्वामी माझ्याच गाडीने आले. मी वळकटी काखेत मारून उतरलो आणि त्यांच्यासाठी बाजूला उभा राहिलो. पेट्या उतरल्या, चांदीच्या पादुका उतरल्या, छत्री, चवऱ्या, व्याघ्रचर्म आणि एक मोठा तांब्याचा बंब उतरला. अपरिग्रहाचे ते सामान उतरवता उतरवता हमाल घामाघूम झाले.

मिरवणूक शहापुरातून न्यायची होती. शहापूर म्हणजे बेळगावचीच विणकरांची पेठ, पण ती सांगली संस्थानची. रस्ता ओलांडला की राज्य बदलते. त्यामुळे इंग्रजी हद्दीतली वाजंत्री कडेला येऊन थांबली आणि पलीकडे संस्थानची वाजंत्री सज्ज होती, ती सुरू व्हायला थोडा वेळ लागला. मधली चार पावले स्वामी वाद्यांशिवाय, साध्या माणसासारखे चालले. सबंध मिरवणुकीत मला ती चार पावले आवडली. पुढे अरुंद बोळांतून जाताना दोन्ही बाजूंनी मागांचा खटखटाट चालू होता. विणकर दारापर्यंत येत, हात जोडत, आणि परत खड्ड्यात पाय सोडून मागावर बसत. स्वामींचे प्रवचन निष्काम कर्मावर होते. ते संध्याकाळी व्हायचे होते, त्यामुळे या मंडळींना ते अजून ठाऊक नव्हते.

प्रवचन वाईट नव्हते हे कबूल केले पाहिजे. संचित म्हणजे भात्यातले बाण, प्रारब्ध म्हणजे सुटलेला बाण, क्रियमाण म्हणजे धनुष्याला लावलेला; आवाज खणखणीत, संस्कृत उच्चार शुद्ध. पण पुढे रंग चढला तसे ते म्हणाले, "विधवेचे कपाळ दुसरे कुणी पुसत नाही. मागल्या जन्मी तिने स्वतःच ते पुसलेले असते." पुरुषांनी माना डोलावल्या. बायकांच्या बाजूला काय झाले ते मला कनातीमुळे दिसले नाही.

सभा संपल्यावर धोतर-पटक्यातला एक वयस्क शेतकरी पुढे आला. मागे पदर घट्ट धरून एक तिशीची बाई उभी होती. दत्तोपंत मला म्हणाले, "हे आप्पा. उचगावाच्या पलीकडच्या वाडीवरचे. माझे जुने पक्षकार. ती त्यांची लेक, सुंद्रा. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला, त्याला आता आठ-नऊ वर्षं झाली."

आप्पा स्वामींच्या कारभाऱ्याला म्हणाले, "म्हाराजांस्नी एकच इचारायचं हाय. कोगनोळीचा एक बिजवर माणूस हिला मागणी घालतोय. मोहतूर लावावं का न्हाय? हिच्या करमात दुसरं घर हाय का?"

मोहतूर म्हणजे विधवेचे दुसरे लग्न. आमच्या पुण्यात त्यासाठी परिषदा भरतात आणि ठराव होतात. या शेतकऱ्यांत ते पिढ्यान्‌पिढ्या ठरावाशिवाय होत आले आहे.

कारभारी म्हणाला, "प्रश्न विचारायचा तर पाद्यपूजा करावी लागते. नाव उद्या सकाळी नोंदवा."

"म्हंजे आज देव बोलत न्हाय म्हणा की," आप्पा म्हणाले. "बरं. आमच्या वाडीची देवी हाय. ती कुणाचं नाव नोंदवत न्हाय."

तेवढ्यात स्वामी व्यासपीठावरून उतरत होते. दोघांनी धरले तरी गुडघ्यावर हात ठेवून एकेक पायरी उतरत होते. म्हातारा माणूस होता, थकला होता. त्या क्षणी त्यांच्यावर रागावणे मला जमले नाही. बंब बहुधा त्या गुडघ्यांसाठीच असावा.

वाडीवर

दुसऱ्या दिवशी आप्पांच्या गाडीतून दत्तोपंत आणि मी निघालो. त्यांना वाडीवर एक मोजणी पाहायची होती आणि मला दुसरे प्रवचन चुकवायचे होते. बेळगावच्या पश्चिमेला माती तांबडी होत जाते. भात निघून गेलेल्या खाचरांत, उरलेल्या ओलीवर मसूर उगवला होता. काजूला मोहोर होता. गाडीत सुंद्रा आमच्याकडे पाठ करून बसली होती आणि वाटभर एक शब्द बोलली नाही. आप्पा मात्र बैलांशी आणि आमच्याशी सारख्याच आवाजात बोलत होते.

वाडीवर पोचताच जेवायला बसवले. आपल्याकडे पाहुण्याला "घेणार ना थोडे?" असे विचारतात आणि पाहुणा ओळखून घेतो. इथे विचारीत नाहीत. तांदळाच्या भाकऱ्या, मसुराची आमटी, खर्डा, त्यावर भाताचा डोंगर. दत्तोपंतांनी मला दोन कानडी शब्द शिकवून ठेवले होते, एक 'हवे'चा आणि एक 'पुरे'चा. वाढणाऱ्या आप्पांच्या बायकोसमोर मी ताटावर हात आडवा धरून मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, "बेकु, बेकु!" आणि हाताच्या कडेकडेने आणखी भात पडला.

"मास्तर, 'साकु' म्हणा!" दत्तोपंत ओरडले. "बेकु म्हणजे हवे!"

आप्पांची बायको म्हणाली, "असूं द्या की. त्येंच्या पोटाला कानडी येतंय, तोंडाला येत न्हाय."

ओसरीवर मागे कुणीतरी हसले. पाहिले तर सुंद्रा. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो असा.

देवळात

देऊळ आंबराईत आहे, लहान, कौलारू. वाडीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पुढे काय झाले ते वाचल्यावर कारण कळेल. तिथला म्हातारा गुरव दिवाळीत वारला होता. त्याला मुलगा नव्हता म्हणून हुक्केरीकडचा त्याचा जावई पूजेला आला होता. माणूस शांत, नाकासमोर पाहणारा, मराठी समजणारा पण जरा जड बोलणारा.

कौल लावण्याची रीत अशी. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न घालतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आपल्याकडे पत्रिका घेऊन ज्योतिषाकडे जातात आणि तो अर्धा दिवस घेतो. त्या मानाने हे सुटसुटीत. वाडीतली वीस-पंचवीस माणसे जमली होती, कारण अशा कामात खाजगी असे काही नसते. सुंद्रा खांबाला टेकून उभी होती. आप्पांनी गाऱ्हाणे घातले, "आई, लेकीला कोगनोळीला देऊ का नगो, ते तू सांग. तू सांगशील तसं."

सगळे पाकळ्यांकडे पाहत बसले. पाकळी पडली. गुरव म्हणाला, "येडक्क बंतु."

तो माझ्याकडेच पाहत होता असे मला वाटले आणि मी ताठ झालो. दत्तोपंतांनी मांडी दाबली. "तुम्हाला नव्हे. कानडीत 'येड' म्हणजे डावा. डावीकडचे पडले म्हणतोय."

पण आप्पा उठून उभे राहिले होते. "डावा कसा रं? माझ्या डोळ्यांदेखत उजवीकडचं पडलं की!"

"निमग बल, अव्वग येड," गुरव म्हणाला. मग सगळ्यांना कळावे म्हणून मराठीत आला, "तुम्हाला उजवा. आईला डावा. आई आमच्याकडं तोंड करून बसलीया. तिचा उजवा हात तिच्या अंगाला. कौल कुणाचा? आईचा. मग हात कुणाचा धरायचा?"

"तुझा सासरा तर आमच्या उजव्यानं सांगायचा!"

"सासऱ्यानी कसं सांगत होते मला म्हायत न्हाई. आमच्या गावात आईच्या हातानं बघतात."

तर्कशास्त्राच्या दृष्टीने गुरवाचे म्हणणे निर्दोष होते. मग एक म्हातारा, कल्लाप्पा त्याचे नाव, हळूच म्हणाला, "म्हंजे आजवरचं समदंच उलटं म्हणायचं?"

आणि त्यानंतर जो कल्लोळ उडाला तसा मी कुठल्याही परिषदेत ऐकलेला नाही.

"मग माझी म्हस? ती घेऊ का इचारलं तर उजवा सांगितला, आन्‌ ती आटली!"

"माझी हीर इथं न्हाय, तिथं खणायची व्हती की रं!"

"आरं, पर तुझ्या हिरीला पाणी हाय."

"व्हय, हाय खरं." तो गोंधळला. "मग ते कसं?"

कल्लाप्पा बायकोकडे वळून म्हणाला, "आगं, आपलं लगीन बी उजव्या कौलानं झालतं. म्हंजे देवीनं नगो म्हटलंतं!"

"मला कुणी इचारलंतं तवा?" म्हातारी म्हणाली. "आता चाळीस वर्सं भाकरी खाऊन झाल्यावर देवीचा हात बघतोयस व्हय? बस खाली."

दत्तोपंत माझ्या कानाशी लागले. "मास्तर, या वाडीची निम्मी अपिले कौल घेऊन माझ्याकडे आली आहेत." त्यांचा चेहरा उतरला होता. "म्हणूनच हरत असू काय?"

मला हसू येत होते, आणि ते आवरायच्या आत गंमत संपली. कारण आप्पांच्या बायकोच्या मनात दुसरेच चालले होते. तिने एकदम लेकीचा हात धरला.

"सुंद्रे, आगं, तुझं पयलं लगीन! त्यो कौल बी म्हाताऱ्या गुरवानंच सांगितलाता. म्हंजे देवी नगो म्हणालीती, आन्‌ आमी दिली तुला. तुझं करम न्हवं गं ते! गुरवाची चूक व्हती. माझ्या लेकीचा काय बी दोष न्हवता!" ती रडायला लागली. तिच्याबरोबर दोन-चार बायकांनी डोळ्यांना पदर लावला. "नवऱ्याला खाल्लं म्हणत व्हतासा न्हवं सगळी? आता म्हणा!"

तिच्या दृष्टीने ही सुटका होती. आठ-नऊ वर्षांचा डाग एका पाकळीने पुसला होता. बेळगावात स्वामींनी ज्याचे ओझे सुंद्राच्या मागल्या जन्मावर टाकले, ते इथे एका मेलेल्या गुरवाच्या माथी गेले होते, आणि त्याला त्याचा काही त्रास होण्यासारखा नव्हता. सगळी सुंद्राकडे पाहू लागली. मीही पाहत होतो. मला वाटले, ती रडेल.

सुंद्राने हात सोडवून घेतला.

"आधी म्हणालासा, माझ्या करमानं त्यो गेला," ती म्हणाली. "मी गप बसले. काल त्या म्हाराजानं बी सांगितलं, तवा बी गप बसले. आता म्हणतासा, चुकीनं आलता. आता गप न्हाय बसायची."

"आगं, तुझ्या भल्याचंच..."

"अव्वा, दोन वर्सं मी त्येच्या घरात सुखानं ऱ्हायले. हाक मारायचा तर निम्मी गल्ली वळून बघायची, येवढा त्येचा आवाज. ती दोन वर्सं माझी हाईत. ती कुणाची चूक न्हाय. आला त्यो बराबर आला, आन्‌ गेला त्यो तापानं गेला."

गुरव बिचारा पाकळ्यांची ताटली धरून उभा होता. तो म्हणाला, "आक्का, परत लावू काय? आईला नीट इचारू."

"नगो, अण्णा. आईला किती तरास द्यायचा." ती आप्पांकडे वळली. "आप्पा, मी जाणार. त्यो माणूस मी बघितलाय. निपाणीला आत्तीच्या घरी आलता. पाणी दिलं तर पिऊन भांडं आपल्या हातानं इसळून पालथं घातलं. आईला मी सांगून जाईन. इचारून न्हाय."

आप्पा खाली बसले. डाव्या कौलावर लेक दिली तर वाडी काय म्हणेल, आणि उजव्यावर अडवली तर लेक काय म्हणेल, या दोन्ही गोष्टी त्यांच्या तोंडावर दिसत होत्या. मग ते गुरवाला म्हणाले, "मग काय रं, कौल उजवा का डावा?"

गुरवाने देवीकडे पाहिले, सुंद्राकडे पाहिले. "उजवाच हाय," तो म्हणाला. "कुणाचा ते इचारू नगा."

गीतेतला कर्माचा अध्याय मी इतकी वर्षे शिकवला. धनुष्याला लावलेला पण अजून न सुटलेला तो तिसरा बाण मी नेहमी पाठांतरात उरकत असे. त्या आंबराईत तो कुणी सोडताना मी पाहिला.

निघताना आप्पा मला म्हणाले, "मास्तर, उद्या तुम्ही मोटारीनं कोल्हापूरवरनं पुण्याला जाताय न्हवं. कोगनोळी वाटंवरच हाय. हिला मागणी घातलेला त्यो परसू उद्या नाक्यावर वाट बघणार हाय. निरोप तेवढा सांगा."

गाडीत बसत होतो तेव्हा सुंद्रा पुढे आली. या वेळी पाठ फिरवली नाही. "त्येला सांगा, त्येच्या मेलेल्या बायकोचा टाक मी गळ्यात बांधीन, हौसेनं बांधीन. पर माझ्या माणसाचं नाव घरात निघालं, तर कुणी तोंड फिरवायचं न्हाय. हे चालत असंल तर ये म्हणावं."

या भागात दुसरेपणाची बायको पहिलीच्या नावाने चांदीचा लहानसा टाक घालते. मेलेल्या सवतीला मान राहतो, ती कोपत नाही. मेलेल्या पहिल्या नवऱ्यासाठी मात्र असा काही दागिना नाही. ही त्रुटी माझ्यासारख्या पुस्तकी माणसाच्या कधी लक्षात आली नव्हती.

कोगनोळी

निपाणीला सर्व्हिस मोटार थांबली तेव्हा तंबाखूच्या वखारींचा वारा आला आणि आम्ही सगळे उतारू शिंकू लागलो. पुण्यात निघताना कुणी शिंकले तर माणूस परत बसतो, पाणी पितो, मग निघतो. निपाणीत हा नियम पाळला तर गावातून कुणी कधी बाहेरच पडणार नाही. ड्रायव्हर स्वतः दोनदा शिंकला आणि त्याने गाडी सोडली. मलाही त्यापायी काही झाले नाही.

कोगनोळीच्या पुढे कोल्हापूर संस्थानची हद्द लागते, म्हणून नाक्यावर मोटार बराच वेळ थांबते. झाडाखाली एक उंच, काळासावळा माणूस स्वच्छ पटका बांधून उभा होता. बोटे तंबाखूने पिवळी झालेली. मी उतरून विचारले, "परसू तूच का?"

"व्हय." त्याने मला बसायलाही सांगितले नाही, इतका तो घाईला आला होता. "कौल कुठल्या अंगानं आला?"

मी सगळे सांगितले. उजवा, डावा, म्हैस, विहीर, कल्लाप्पाचे लग्न. तो हसला नाही. जमिनीकडे पाहत ऐकत राहिला. ती येणार म्हणाली, एवढे ऐकल्यावर त्याने पटका काढला, तोंड पुसले आणि परत बांधला.

"मास्तर, खरं सांगू? मी बी आमच्या देवाला कौल लावलता. डावा आला."

"मग?"

"सकाळची येळ व्हती. देव नीट जागा झाला नसंल म्हटलं. दुपारनं परत लावला."

"आणि?"

"डावा. मग सांजचं लावला, तवा आला उजवा." त्याने माझ्याकडे पाहिले. "पाप न्हवं न्हवं हे?"

मला धर्मशास्त्र येते, पण त्यात याला उत्तर नाही. मी म्हणालो, "देवाला तीनदा विचारले म्हणजे त्याच्यावर तुझा विश्वास दांडगा आहे." त्याचे समाधान झालेले दिसले.

मग मी अट सांगितली. टाकाचे ऐकून त्याने मान हलवली. दुसरे ऐकल्यावर ती हलायची थांबली. मोटारीचा कर्णा वाजला. मला वाटले, बोलणे इथेच मोडणार. आपल्या घरात आपल्याआधीच्या माणसाचे नाव निघावे हे कुठल्या पुरुषाला सोसेल? आमच्याकडच्या सुधारकांनाही हे कुणी विचारलेले नाही.

"नाव काय व्हतं त्येचं?" परसूने विचारले.

मी देवळातले बोलणे आठवून पाहिले. देवळात सगळ्यांनी 'त्यो'च म्हटले होते. तिनेही नाव उच्चारले नव्हते. "तिने सांगितले नाही," मी म्हणालो.

"ती कशी सांगंल? नवऱ्याचं नाव बायको घेती व्हय?" माझ्या अडाणीपणाचे त्याला नवल वाटले. "आप्पांस्नी इचारायला पायजे. घरात कुणाला नावच म्हायती नसलं, तर ते निघंल कसं?"

आणि निपाणीवरून बेळगावला जाणाऱ्या मोटारीला हात करत तो रस्ता ओलांडून पळाला.